जुनी ओम्नी जास्त रेसला दम तोडते? इंजिन उघडायच्या आधी हे बघा

धंद्यासाठी सेकंड हॅण्ड ओम्नी घेतलेल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. रिकामी गाडी गावात मस्त पळते. माल भरून हायवेला काढली की मात्र साठच्या पुढे ओढतच नाही. गॅरेजवाला सांगतो, "इंजिनचं काम निघालंय." म्हणजे मोठा खर्च, वर गाडी उभी, डिलिव्हरी बंद. थांबा जरा.

आयडलला इंजिनला पेट्रोल आणि हवा थोडीच लागते. रेस आणि लोड वाढला की दोन्हींची गरज कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे वाटेत कुठे चोंदलं असेल तर ते वरच्या रेसलाच कळतं. कॉम्प्रेशन गेलेली गाडी बहुतेक वेळा स्टार्टिंगला आणि आयडलला पण त्रास देते. तुमची सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते ना? मग आधी बाकीचं बघा.

सगळ्यात आधी फुकटच्या गोष्टी. इंजिनची रेस वाढते पण स्पीड वाढत नाही, तर क्लच घसरतोय. गाडी बंद ठेवून कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते बघा. केबल सैल झालेली असू शकते. एलपीजी किट असेल तर एक फेरी पेट्रोलवर मारा. पेट्रोलवर नीट ओढली तर दोष गॅसच्या बाजूला.

आता खरी खूण. गाडी झटके देत असेल तर प्लग, एचटी केबल, कॉइल तपासा. झटके न देता हळूहळू मरत असेल, पाय काढल्यावर सावरत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. टाकीचं झाकण सैल करून चालवा. फरक पडला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाही पडला तर फ्युएल फिल्टर बदला, स्वस्तातली वस्तू आहे. त्यानंतर पंप. कार्बोरेटरच्या ओम्नीत तो इंजिनवर असतो, एमपीएफआयमध्ये टाकीच्या आत. तिथे प्रेशर गेज लावल्याशिवाय पंप बदलू देऊ नका. एअर फिल्टर तर प्रत्येकाने बघायचाच, कांदे-बटाटे वाहणाऱ्यांनी दर महिन्याला!

सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला असेल तर व्हॅक्यूम गेज लावून 2500 आरपीएमला इंजिन धरायचं. काटा हळूहळू खाली येत राहिला तर धूर बाहेर पडायला वाट नाही.

तुमच्यापैकी ज्यांना गॅरेजच टाकायचंय, त्यांनी या तपासणीचे पैसे बिलात वेगळे लावा आणि आधीच सांगा. तपासणी फुकट दिली की तिचे पैसे पार्ट बदलूनच काढावे लागतात. मग अंदाजाने पार्ट बदलले जातात आणि गिऱ्हाईक तुटतं.

एवढं करूनही गाडी ओढत नसेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. तिन्ही सिलेंडरचे आकडे कागदावर लिहून मागा, आणि इंजिनच्या खर्चाचं बोलणं ते आकडे समोर ठेवूनच करा.