पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात किती प्रदूषण जाते? एन्नोर खाडीचे उदाहरण

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात चेन्नईच्या मनाली औद्योगिक भागातले तेल पुराबरोबर बकिंगहॅम कालव्यात उतरले आणि एन्नोर खाडीतून समुद्रात गेले. मच्छीमारांच्या होड्या-जाळी तेलाने माखली. पण गेले किती?

नुसत्या संहतीवरून हे कळत नाही. प्रदूषणाचा भार = संहती × विसर्ग. समजा, पाण्यात निलंबित गाळ २०० मिग्रॅ/लिटर (म्हणजेच २०० ग्रॅम/घनमीटर) आणि विसर्ग १० घनमीटर/सेकंद आहे. भार सेकंदाला २ किलो, तासाला ७.२ टन! पहिल्या लोंढ्यात संहती बहुधा जास्त असते, विसर्ग मागाहून वाढतो. म्हणून पूर चढताना आणि ओसरताना, दोन्ही वेळा नमुने घ्यावे लागतात.

खाडीत भरतीला प्रवाह उलटतो. तेव्हा विसर्ग ऋण धरावा, नाहीतर तेच पाणी दोनदा मोजले जाते.

तेलाची गोष्ट निराळी. ते तरंगते आणि प्लॅस्टिकला चिकटते. त्यामुळे नमुना काचेच्या बाटलीत पृष्ठभागावरून थेट घ्यावा व प्रयोगशाळेत अख्खा तपासावा. तवंगाखालून भरलेल्या बाटलीत तेल फारसे सापडत नाही. तोच आकडा भरपाईच्या दाव्यात गेला, तर नुकसान झालेच नाही असे दिसेल.