गोळी विस्मरणाची, काळजी साऱ्या घराची

राजूर हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले गाव. भंडारदऱ्याच्या वाटेवरचे, डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी नावाजलेले. भाताची आवणी उरकली की या डांगाणातली तरणी माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी नारायणगावकडे टोमॅटो-द्राक्षांवर जातो, कोणी नाशिकच्या बागांत, तर कोणी औद्योगिक वसाहतीत. घरी उरतात म्हातारी माणसे आणि त्यांना सांभाळणाऱ्या सुना.

याच राजुरात माझ्या आत्याचे घर आहे. तिची सासू, आम्हा सगळ्यांची आजी, दोन-तीन वर्षांपासून विसरू लागली. जेवण झाल्यावर "मला कोणी वाढलंच नाही" म्हणायची. विहारात वंदनेला निघायची आणि भलत्याच गल्लीत जाऊन उभी राहायची. शेजारीपाजारी म्हणत, "म्हातारपण आहे, चालायचंच." आत्याने मात्र तिला डॉक्टरांना दाखवले. हा स्मृतिभ्रंशाचा आजार आहे असे निदान झाले आणि डोनेपेझिल नावाची गोळी सुरू झाली. रोज रात्री एक.

एका सकाळी आजीला उलट्या सुरू झाल्या. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, हातपाय गळालेले. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले आणि आत्याला पहिला प्रश्न विचारला, "मावशी, घरात फवारणीचं औषध आहे का?"

आत्या घाबरली. औषध होते, पण ते पडवीत वर टांगलेले होते, त्याचे बूच उघडलेले नव्हते. मग तिला गोळ्यांचे पाकीट आठवले. मोजले तर पाच गोळ्या जास्त गेलेल्या! आजी गोळी घ्यायची, घेतल्याचे विसरायची आणि पुन्हा घ्यायची. वेळेवर उपचार झाले, दोन दिवसांनी आजी घरी आली. पण डॉक्टरांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. विसरण्यावरच्या गोळीचा आणि फवारणीच्या विषाचा संबंध काय?

एकच कुलूप, दोन किल्ल्या

संबंध आहे, आणि तो आपल्यासारख्या कष्टकरी घरांनी समजून घ्यायलाच हवा. आपल्या मेंदूत आणि नसांत ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य निरोप्याचे काम करते. निरोप पोचला की ते पुसून टाकायला शरीरात एक विकर असते, त्याचे नाव ॲसिटिलकोलिनइस्टरेज. अल्झायमरच्या आजारात हा निरोप्या कमी पडू लागतो. डोनेपेझिल त्या पुसणाऱ्या विकराला आवर घालते, म्हणजे आहे तो निरोप्या जास्त वेळ टिकतो. आजार यामुळे मुळातून बरा होत नाही, पण काही रुग्णांचे विसरणे काही काळ सावरते. जपानमध्ये शोधलेल्या या औषधाला अमेरिकेत १९९६ साली परवानगी मिळाली. रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही औषधेही याच मार्गाने काम करतात.

सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशके त्याच विकरावर घाला घालतात. फरक एवढाच की, औषधाची पकड काही काळाने आपोआप सुटते आणि कीटकनाशकाची सहजी सुटत नाही. म्हणून गोळी जास्त झाली तर दिसणारी लक्षणे फवारणीच्या विषबाधेसारखीच असतात: उलट्या, जुलाब, घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, मंद नाडी, स्नायूंची अशक्तता आणि शेवटी श्वासाला अडथळा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले, हे आपण विसरलेलो नाही.

दोन्हींवर दवाखान्यात ॲट्रोपिनचे इंजेक्शन कामी येते. धोतऱ्यातही याच जातीचे द्रव्य असते, पण म्हणून कोणी घरी धोतरा वाटून देऊ नये. तो स्वतःच जालीम विष आहे. अशा वेळी १०८ वर गाडी बोलवावी आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.

घरात घ्यायची काळजी

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे ही गोळी आज ना उद्या अनेक घरांत येणार. तेव्हा भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा.

गोळ्या रुग्णाच्या हाती देऊ नका. कुलपात ठेवा, घरातल्या एकाच माणसाने द्याव्यात आणि दिल्यावर कॅलेंडरवर खूण करावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. हे औषध अंगात बरेच दिवस राहते. काही दिवस खंड पडला असेल तर डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करा.

रुग्णाला दमा, पोटातला अल्सर किंवा हृदयाचे ठोके मंद असण्याचा त्रास असेल तर तो आधीच सांगा. चक्कर येऊन पडणे, भूक मरणे, वजन उतरणे हेही कळवा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या गोळीचे नाव जरूर सांगा, कारण भुलेच्या काही औषधांचा परिणाम तिच्यामुळे वाढतो. आणि ही गोळी घेणाऱ्या माणसाला फवारणीच्या रानात नेऊ नका. दोन्हींचा भार एकाच विकरावर पडतो.

रिव्हास्टिग्मिनची पट्टी अंगाला चिकटवतात. नवी लावण्यापूर्वी जुनी काढलीच पाहिजे. जुनी तशीच राहून एकावर एक पट्ट्या लागल्याने माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. वापरलेल्या पट्टीतही औषध उरलेले असते. ती चिकट बाजू आत घालून दुमडा, पोराबाळांच्या हाती लागणार नाही अशी टाका, हात धुवा आणि धुण्यापूर्वी डोळ्यांना हात लावू नका.

कारखान्यातला भाऊ

आता गोळी घेणाऱ्याकडून गोळी करणाऱ्याकडे वळू. औषधांचे मूळ द्रव्य तयार करणारे आणि त्याच्या गोळ्या पाडणारे कारखाने महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. तिथे पोती-ड्रम उचलणारा, भुकटी ओतणारा, यंत्र धुणारा कामगार बहुधा आपल्याच वस्तीतला, तोही कंत्राटी असतो. त्याला सांगितले जाते, "औषधच आहे, त्याला काय भ्यायचं?"

हिशेब करून पाहा. एका गोळीत ५ मिलिग्रॅम औषध असते. एक ग्रॅम भुकटीत २०० गोळ्यांचे औषध झाले. २५ किलोच्या एका ड्रममध्ये ५० लाख गोळ्यांचे! ती पांढरी बारीक भुकटी हवेत उडाली की नाकातोंडावाटे अंगात जाते. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, नाडी मंद होणे असे सुरू झाले की मुकादम म्हणतो, "ऊन लागलं."

म्हणून भुकटी ओतण्याच्या जागी धूळ ओढून घेणारी यंत्रणा हवी. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही, धुळीसाठीचा योग्य श्वसन-मुखवटा हवा, हातमोजे आणि चष्मा हवा. सांडलेली भुकटी झाडूने झाडू नये, हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. ती ओल्या फडक्याने किंवा बारीक गाळणीच्या यंत्राने उचलावी. अशी बारीक धूळ ठिणगीने पेट घेऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. कामाचे कपडे घरी आणू नयेत. आणावेच लागले तर घरच्या धुण्यात मिसळू नयेत, नाहीतर कारखान्यातले औषध पोरांच्या अंगरख्यावर येते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे उन्हाळ्यात धरणाशेजारच्या गावांनाही पाण्यासाठी वणवण करावी लागते. मग भंगारातून स्वस्तात निळे ड्रम घेतले जातात. ज्यात आधी काय होते ते ठाऊक नाही, असा ड्रम पिण्याच्या पाण्याला किंवा धान्याला कधीही वापरू नये. कितीही धुतला तरी नाही.

विचारण्याचा हक्क

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामाच्या तासांपासून कामगाराच्या आरोग्यापर्यंत सारा विचार केला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपण हाताळतो त्या द्रव्याचा धोका जाणून घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० साली मंजूर झालेल्या संहितेतही धोक्याची माहिती देण्याचे बंधन मालकावर आहे. प्रत्येक द्रव्याचे सुरक्षा-माहितीपत्रक असते. ते मागा. इंग्रजीत असेल तर शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. शिका म्हणून बाबासाहेबांनी सांगितले, ते यासाठीही.

जीवकाची कथा आपण ऐकलेली आहे. गुरूने त्याला औषध नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला. पण प्रत्येक वनस्पती औषध असली तरी किती द्यायचे आणि कसे द्यायचे हे जाणणारा जीवकच होता. ते जाणणे आता आपल्यालाही भाग आहे.

आजारी भिक्खूला कोणी पाहत नाही असे दिसताच तथागतांनी स्वतः आनंदाबरोबर त्याला न्हाऊ घातले होते. माझी आत्या हल्ली रात्री गोळी देते, कॅलेंडरवर खूण करते आणि किल्ली कमरेला खोचते. आजी विचारते, "माझी गोळी झाली का गं?" आत्या म्हणते, "झाली, आत्याबाई. निजा आता."