विद्यापीठीय अध्यापन व अंकीय तंत्रविद्या

संगणक, आंतरजाल व ध्वनिचित्रमुद्रण यांच्या साहाय्याने चालणाऱ्या अध्यापन-अध्ययनास अंकीय अध्यापन म्हणतात. विद्यापीठांतून त्याचा अवलंब वर्गास पूरक म्हणून व वर्गास पर्याय म्हणून, अशा दोन्ही प्रकारे होतो. दूरशिक्षणाच्या जुन्या साधनांपैकी टपालाने उत्तर मिळण्यास अनेक दिवस लागत. नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील पाठांत विद्यार्थ्यास सहसा प्रश्न विचारता येत नसे. विद्यार्थ्याचे उत्तर तत्काळ तपासून त्यानुसार पुढील पाठ देता येणे, हे संगणकाचे वैशिष्ट्य होय.

इतिहास : अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डॉनल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये सुरू केलेली ‘प्लेटो’ ही या प्रकारची आरंभीची एक महत्त्वाची प्रणाली होय. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध करण्याचे २००१ मध्ये जाहीर केले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील खुल्या पाठ्यक्रमास २०११ मध्ये सु. १,६०,००० विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली; मात्र तो पूर्ण करणारे त्यांपैकी अल्पच होते. बृहत् मुक्त पाठ्यक्रमांत ही गळती पुढेही कायम राहिल्याचे दिसते.

भारत : भारतीय तंत्रविद्या संस्था व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांचा ‘एनपीटेल’ हा संयुक्त प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. त्यातील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. प्रमाणपत्रासाठी मात्र केंद्रावर जाऊन देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यवस्थेचे उद्घाटन झाले. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी व चर्चामंच ही तिच्या पाठ्यक्रमांची चार अंगे होत. तीवरून मिळविलेले श्रेयांक पदवीसाठी ग्राह्य धरण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत वाढविली.

अध्यापनावरील परिणाम : मुद्रित व्याख्यान विद्यार्थी आपल्या गतीने, पुनःपुन्हा ऐकू शकतो. त्यामुळे व्याख्यान घरी ऐकावे व वर्गाचा वेळ चर्चा आणि उदाहरणे सोडविणे यांसाठी वापरावा, ही पद्धती रूढ होऊ लागली. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अध्ययनांचा जो एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात केवळ व्याख्यानांवर आधारलेल्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण सु. ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृतिशील करणाऱ्या वर्गांत सु. २२ टक्के आढळले. यावरून असे दिसते, की व्याख्यान पडद्यावर आणल्याने अध्ययन आपोआप सुधारत नाही. वाचलेल्या वेळेचा उपयोग कसा होतो, यावर ते अवलंबून असते.

२०२२ च्या अखेरीपासून निबंध व उत्तरे लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. घरी लिहून आणलेल्या स्वाध्यायावरून विद्यार्थ्याचे आकलन जोखणे त्यामुळे कठीण झाले असून तोंडी परीक्षा व वर्गातील लेखन यांचे महत्त्व पुन्हा वाढले आहे.

मर्यादा : मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे वर्ग बंद झाले आणि सर्वच विद्यापीठांना या साधनांचा आश्रय घ्यावा लागला. तत्पूर्वी २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी सु. १५ टक्के, तर नागरी कुटुंबांपैकी सु. ४२ टक्के कुटुंबांकडेच आंतरजालाची सोय होती. संगणक असलेल्या ग्रामीण कुटुंबांचे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी होते. साहजिकच अनेकांना भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर शिकावे लागले. भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. एनपीटेलची व्याख्याने प्रामुख्याने इंग्रजीत असून त्यांपैकी काहींचीच मराठी व अन्य भारतीय भाषांत भाषांतरे झाली आहेत. प्रयोगशाळा, क्षेत्रकार्य व रुग्णालयातील प्रशिक्षण यांस प्रतिकृतींचा आधार मिळतो. परंतु प्रत्यक्ष हाताळणीची उणीव त्यांनी भरून निघत नाही. ज्ञानाची उपलब्धता या तंत्रविद्येने विस्तारली आहे. तथापि जो विद्यार्थी मागे पडतो त्याला हेरून मार्गदर्शन करण्याचे कार्य अद्याप मुख्यत्वे अध्यापकावरच अवलंबून आहे.