प्लॅस्टिकची पातळ पिशवी आणि मुके जीव

बाजारास निघताना घरातून कापडी पिशवी बरोबर नेण्याची रीत महाराष्ट्रात एके काळी सार्वत्रिक होती. भाजीवाला तोललेली भाजी थेट पिशवीत ओतीत असे आणि वाणी कागदाच्या पुडीत साखर बांधून देत असे. दुकानातच पॉलिथिनची पातळ पिशवी मोफत मिळू लागली, तेव्हापासून ही रीत मागे पडली. ही पिशवी हलकी, स्वस्त व पाण्याने न भिजणारी आहे. परंतु तिचा उपयोग बहुधा बाजारापासून घरापर्यंतच असतो. त्यानंतर ती कुजत नाही. उन्हाने तिचे बारीक तुकडे तेवढे होतात.

उकिरड्यावरील धोका

गुरे प्लॅस्टिक आवडीने खातात, असा एक समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. शिळे अन्न, भाजीची देठे व फळांच्या साली पिशवीत भरून, तोंडास गाठ मारून ती उकिरड्यावर टाकली जाते. जनावरास वास येतो तो आतील अन्नाचा. पण गाठ सोडविणे त्यास शक्य नसते. गाय चारा जिभेने ओढून घेते, फारसा न चावता गिळते आणि नंतर सावकाश रवंथ करते. त्यामुळे अन्नाबरोबर पिशवीही पोटात जाते.

रवंथ करणाऱ्या या जनावरांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. तेथून पुढे जाण्याची वाट अरुंद असून बारीक झालेले अन्नच पुढे सरकू शकते. पिशवी चावून बारीक होत नाही व पचतही नाही. ती तेथेच साचते आणि दोऱ्या, चिंध्या यांच्यासह तिचा गोळा तयार होतो. जनावराचे पोट भरलेले दिसते, पण अंगाला काही लागत नाही. भूक मंदावते, दूध आटते, वारंवार पोटफुगी होते. हा गोळा औषधाने निघत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियाच करावी लागते. एखाद्या दुभत्या गाईवर ज्या घराचा प्रपंच चालतो, त्या घरास ही हानी सोसणे कठीण जाते.

वनात आणि सागरात

चितळ, सांबर व गवा हे वन्य प्राणीही रवंथ करणारेच आहेत. फरक एवढाच की, त्यांच्या दुखण्यावर इलाज करण्यास कोणी जवळ नसते. भीमाशंकरसारखे तीर्थक्षेत्र अभयारण्यातच वसलेले आहे. अशा ठिकाणी यात्रेकरूंनी उरलेल्या अन्नासह टाकलेली पिशवी वन्य प्राण्यांच्या वाटेत येते.

ओढ्यानाल्यांत पडलेल्या पिशव्या पावसाळ्यात नदीवाटे समुद्रास मिळतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास व आंजर्ले येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. वेळास येथे २००२ पासून ग्रामस्थांच्या सहकार्याने त्यांच्या घरट्यांचे संरक्षण केले जात आहे. जेलीफिश हे समुद्री कासवांचे एक भक्ष्य होय. पाण्यात तरंगणारी पारदर्शक पिशवी हुबेहूब तशीच दिसते. कासवाच्या घशात मागे वळलेले काटे असल्याने एकदा गिळलेली वस्तू परत बाहेर पडणे अवघड असते. २०१८ मध्ये थायलंडच्या किनाऱ्याजवळ मरण पावलेल्या एका पायलट व्हेल माशाच्या पोटातून सुमारे ८० पिशव्या निघाल्या. त्यांचे वजन ८ किलो होते.

बंदीचा क्रम

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरानंतर तुंबलेल्या गटारांतील पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. २००६ च्या नियमांनी राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीची अट घालण्यामागे व्यावहारिक कारण आहे. पातळ पिशव्या कितीही वेचल्या तरी वजन भरत नाही. म्हणून कचरा वेचणारेही त्या उचलीत नाहीत.

पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात सामान नेण्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांवरच बंदी आणली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कारावास, अशी तरतूद करण्यात आली. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली.

गावाचे कर्तव्य

तथापि, बंदी असूनही आठवडे बाजारात या पिशव्या दिसतात. ग्राहक रिकाम्या हाताने येतो आणि गिऱ्हाईक परत जाईल या भीतीने विक्रेता पिशवी देतो. दंडाची भीती तपासनीस असेपर्यंतच टिकते. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार या कामाची जबाबदारी ग्रामपंचायतींवरही आहे. बाजाराच्या दिवशी प्रवेशाच्या जागीच कापडी पिशव्या अल्प दरात मिळाव्यात. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवण्याचे काम महिला बचत गटांकडे देता येईल. ओला कचरा पिशवीत न बांधता वेगळा ठेवण्याची व खतखड्ड्यात टाकण्याची सवय घरोघरी लागली पाहिजे. कोठीपोटाचे चित्र फळ्यावर काढून शिक्षकांनी हे एकदा समजावून सांगितल्यास मुले ते घरी सांगितल्यावाचून राहणार नाहीत.

गाठ मारलेली पिशवी उकिरड्यावर पडणे थांबले, तर गावातील गुरांवरचे हे संकट बऱ्याच अंशी टळेल. त्यासाठी मोठ्या निधीची वा नव्या यंत्रणेची वाट पाहण्याचे कारण नाही.