शिपाई शिशाचाच कशाला?

चारपाच मित्र टेबलाभोवती तीनतीन तास बसलेले, पुढ्यात पत्ते नाहीत की सारीपाट नाही, नुसते बोलणे आणि मधूनच फाशांचा खळखळाट, हे दृश्य आता आपल्या घरांनाही नवे राहिलेले नाही. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र वठवितात आणि तलवारीचा वार लागला की हुकला, ते फासा ठरवितो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या खेळांचा मूळ पुरुष.

खेळ चांगला आहे. मुलांच्या कल्पनेस आणि बोलण्यास वळण लावणारा आहे. अडते ते धातूच्या इंचभर बाहुल्यांपाशी. परदेशी बाहुली, तिचे रंग, बारीक कुंचले असा हिशेब मांडला की पालक दचकतात आणि ज्याच्यापाशी बाहुली नाही तो मुलगा हळूहळू बैठकीस येईनासा होतो. आम्हांस खटकते ते हे.

वस्तुतः १९७४ च्या मूळ पुस्तिकांत या बाहुल्या आवश्यक मानलेल्याच नाहीत. असल्यास शोभा येईल, एवढेच. खुद्द गायगॅक्स यांच्यापाशी तरी राक्षसांचे धातुशिल्प कोठे होते? बाजारात ते फारसे मिळतही नसत. त्यांनी प्लॅस्टिकच्या स्टेगोसॉरसवर कारागिरी करून त्याचा ड्रॅगन केला. हाँगकाँगला बनलेल्या स्वस्त खेळण्यांच्या एका पुडक्यात काही विचित्र, कोणत्याच पुस्तकात न सापडणारे प्राणी निघाले. त्यांतल्या एकाच्या शेपटीच्या टोकाला पंख्यासारखा आकार होता. त्याचा झाला लोखंडास गंज चढवून खाणारा 'रस्ट मॉन्स्टर'. दुसऱ्यापासून घुबड व अस्वल यांचा संकर असलेला 'आउलबेअर' जन्मला. दोघेही १९७५ च्या पुरवणीत अवतरले आणि आजतागायत नांदत आहेत. खेळण्याच्या हलकेपणातून खेळाचे वैभव वाढले, ते असे.

आता घरातल्या सोयीकडे वळू. नकाशावरील चौकट बहुधा एक इंचाची असते आणि ती पाच फूट जागा मानली जाते. इंचाच्या आत बसेल व उभे राहील ते कोणतेही सोंग चालते. सर्वांत उत्तम म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद. त्याची पट्टी मधोमध दुमडावी, एका अंगास पात्राची समोरची बाजू व दुसऱ्या अंगास पाठ काढावी आणि खालच्या कडा बाहेर वळवून कोटाच्या मोठ्या बटणावर अथवा लोखंडी वायसरवर चिकटवाव्या. वायसरचे वजन असल्याने पंख्याच्या वाऱ्याने वीर आडवा होत नाही. चित्र मुलानेच काढावे. ते ओबडधोबड असले तरी त्या पात्रावर त्याचा जीव अधिक जडतो. घाई असेल तर लहान बुद्धिबळातील प्यादी पुरेत. कॅरमच्या सोंगट्या तीन सेंटिमीटरच्या असल्याने चौकटीबाहेर डोकावतात. त्यांच्यासाठी चौकटी साडेतीन सेंटिमीटरच्या आखाव्यात.

कोणाकडून जुन्या धातूच्या बाहुल्या मिळाल्या तर मात्र जपावे. पूर्वी त्यांत शिसे भरपूर असे. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतील अनेक उत्पादकांनी ते सोडून कथिलप्रधान धातू वापरावयास आरंभ केला. जुनी बाहुली घरातील तान्ह्या मुलाच्या हाती लागू देऊ नये, ती घासून भुकटी करू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत. घरी मूर्ती छापणारी यंत्रेही आता निघाली आहेत. पण चार बाहुल्यांसाठी यंत्र घेणे म्हणजे ताकासाठी म्हैस बांधण्यासारखे होय.

ज्यांच्या घरी दिवाळीत किल्ला होतो, त्यांच्या माळ्यावर मातीचे मावळे असतीलच. ते या चौकटींस फार मोठे पडतात. मावळ्यास राक्षस करणे मुलांना रुचणार नाही, आम्हांसही नाही. तेव्हा त्यांना वेशीवरचे महाकाय द्वारपाल करावे. किल्ल्याचे बुरूज मात्र जसेच्या तसे कामी येतात.