आडनाव न विचारणारी खोली

धाकट्या भावाला घेऊन मी शाळेच्या त्या वर्गाशी पोहोचलो, तेव्हा दारात पाय अडखळले ते माझे. आमच्या घरात दारू हराम. त्यामुळे त्याचं पिणं त्यानं आमच्यापासून लपवलं आणि आम्ही मोहल्ल्यापासून.

ती ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची, म्हणजे ‘एए’ची सभा होती. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून ही चळवळ सुरू झाली. सभेचा पत्ता डॉक्टरांनी दिला. आधी डॉक्टरांकडे जावंच. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली, तर हातपाय थरथरतात, भास होतात, प्रसंगी झटकेही येतात.

काही सभा फक्त मद्यपींसाठी असतात. खुल्या सभेला घरच्यांनाही बसता येतं. फी नाही. ऐच्छिक वर्गणी, जमेल त्यानं द्यावी. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. आडनाव कोणी विचारत नाही. जन्मभर आडनावावरून ओळखला गेलेला मी, मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

एक जण नुसतं नाव सांगून म्हणाला, ‘मी मद्यपी आहे.’ मग स्वतःची हकिकत. उपदेश नाही. संकल्प फक्त आजच्या दिवसाचा.

भाऊ गप्पच होता. परतताना म्हणाला, ‘भाई, पुढच्या गुरुवारी येणार ना?’

मद्यपींच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ हा वेगळा गट असतो. तिथं मलाही बोलायचं होतं, हे मला त्यानंतर कळलं.