वझीर निवडताना खो कोण मोजतं?

जून महिना आला की आपल्या कॉलेजातल्या बास्केटबॉलवेड्यांच्या तोंडी एकच विषय असतो, एनबीएचा ड्राफ्ट. कुठल्या टीमला कितवा नंबर मिळाला आणि त्या नंबरावर कोणता पॉइंट गार्ड घ्यावा. बरकतपुऱ्यात बसून अमेरिकेतल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातांची लांबी इंचांत सांगणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनाच विचारलं, की तेलुगु योद्धाजने पुढच्या ड्राफ्टमध्ये वझीर म्हणून कसा खेळाडू घ्यावा, तर चेहरे कोरे. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांना दोन्ही खेळांतलं काही कळत नाही त्यांच्यासाठीसुद्धा.

आधी थोडी ओळख. अल्टिमेट खो-खो ही लीग २०२२ मध्ये सुरू झाली. पहिला हंगाम पुण्याला बालेवाडीत झाला. टीम सहा: चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि आपली तेलुगु योद्धाज. आपली म्हणजे जीएमआरच्या मालकीची, पण नाव तेलुगु, म्हणून आपण हैदराबादचे मराठी लोकही तिला आपली म्हणतो. पहिल्याच वर्षी योद्धाज फायनलला गेले आणि ओडिशा जगरनॉट्सकडून ४६-४५ असे एका गुणाने हरले. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत आपण ४५-४३ पुढे होतो. मग सूरज लांडेने सूर मारून एक गडी टिपला, त्याचे तीन गुण मिळाले आणि संपलं.

शाळेत आपण जो खो-खो खेळलो त्यात पाठलाग करणाऱ्यावर एक मोठं बंधन असतं. खो मिळाल्यावर ज्या दिशेला तो निघाला ती दिशा त्याला खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणारा मात्र कुठूनही कुठेही जाऊ शकतो. लीगने इथे एक नवी गोष्ट आणली: पाठलाग करणाऱ्या संघातला एक खेळाडू वझीर. त्याला कुठल्याही दिशेला पळायची मुभा. नाव अर्थातच बुद्धिबळातून घेतलेलं. पॉवरप्लेमध्ये तर एकाच वेळी दोन वझीर वापरता येतात. बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड जे काम करतो, म्हणजे चेंडू घेऊन येणं, समोरच्यांची रचना वाचणं आणि कुणाला कधी काय द्यायचं ते ठरवणं, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी भारतीय मैदानावरची जागा माझ्या मते हीच.

आता ड्राफ्ट. प्रो कबड्डीत लिलाव असतो, तिथे बोली चढते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. २०२२ च्या खो-खो ड्राफ्टमध्ये खेळाडूंचे चार गट केले होते आणि प्रत्येक गटाची रक्कम ठरलेली होती: ५ लाख, ३ लाख, दीड लाख आणि १ लाख. टीमची पाळी आली की एक नाव उचलायचं. लिलावात चूक झाली तर ती रुपयांत दिसते, अमक्याला इतके कशाला दिले म्हणून लोक बोंबलतात. ड्राफ्टमध्ये तसं होत नाही, कारण किंमत सगळ्यांना सारखीच. तिथे चुकीची किंमत म्हणजे तुम्ही ज्याला सोडलं तो खेळाडू.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पॉइंट गार्डचंच आहे. २००९ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये मिनेसोटाकडे लागोपाठ दोन पाळ्या होत्या, पाचवी आणि सहावी. दोन्ही वेळा त्यांनी पॉइंट गार्डच घेतले, रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन. सातव्या पाळीला गोल्डन स्टेटने स्टेफन करीला उचललं. डेव्हिडसन नावाच्या लहानशा कॉलेजचा, अंगाने किरकोळ मुलगा. पुढे २०१५ आणि २०१६ असा सलग दोनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फ्लिन तीन हंगामांत लीगबाहेर गेला. रुबियो चांगला खेळला, पण करी नव्हे. अशी उदाहरणं ढीगभर आहेत. जॉन स्टॉकटनला १९८४ मध्ये सोळाव्या नंबरावर घेतलं, आणि कारकिर्दीतल्या १५,८०६ असिस्टचा त्याचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. स्टीव्ह नॅश १९९६ मध्ये पंधरावा. जेलन ब्रन्सन २०१८ मध्ये थेट तेहेतिसावा. (स्टॉकटन गोन्झागाचा, नॅश सांता क्लाराचा, दोन्ही जेझुइट संस्था. ब्रन्सन व्हिलानोव्हाचा, ती ऑगस्टिनियन. यावरून कुठलाही सिद्धांत काढायचा मोह मी टाळते आहे, पण आपल्या प्राचार्यांना हे वाक्य आवडेल.)

एवढे हुशार लोक, एवढे पैसे, तरी पॉइंट गार्डच्याच बाबतीत अंदाज इतके का चुकतात? कारण उंची, उडी, वेग या गोष्टी टेपने आणि घड्याळाने मोजता येतात, पण या जागेवरचं खरं काम म्हणजे निर्णय. आणि निर्णय चांगला झाला की गुण दुसऱ्याच्या नावावर पडतो. बास्केटबॉलने यावर निदान उपाय शोधला. ज्या पासवर बास्केट झाली त्याची असिस्ट म्हणून नोंद होते. किती असिस्ट दिले आणि किती वेळा चेंडू हातचा घालवला, याचं गुणोत्तर कुठलाही स्काउट आधी बघतो. २०१३-१४ पासून तर एनबीएच्या सगळ्या स्टेडियममध्ये कॅमेरे बसवून खेळाडूंच्या हालचाली टिपायला लागले. त्यामुळे पास उत्तम होता पण पुढच्याने नेम चुकवला, हेही आता कळतं. असिस्टच्या आधीचा पाससुद्धा मोजतात.

खो-खोमध्ये असिस्टला शब्द आहे, खो. पण त्याची नोंद नाही. मराठी पेपरात खो-खोची बातमी वाचा: अमक्याने पावणेदोन मिनिटं संरक्षण केलं आणि तीन गडी बाद केले. बस. ते तीन गडी बाद करायला त्याला नेमक्या क्षणी खो कुणी दिला, हे बातमीत नसतं आणि सहसा गुणपत्रिकेतही नसतं. त्या फायनलमधली लांडेची झेप सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि असायलाच हवी. पण अशी प्रत्येक झेप म्हणजे साखळीतली शेवटची कडी. आधीच्या दोन-तीन जणांनी पळणाऱ्याला कोपऱ्यात आणलेलं असतं. खो-खोचे नियम बांधायला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये सुरुवात केली. बास्केटबॉल त्याहून फार जुना नाही, डिसेंबर १८९१ चा. स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी तो काढला, म्हणजे आपल्या नारायणगुड्याच्या वायएमसीएची ती दूरची थोरली बहीण. दोघांची वयं जवळपास सारखी, पण एकाने देणाऱ्याचा हिशेब ठेवला आणि दुसऱ्याने नाही. भाषेनेही खोवर अन्यायच केलाय म्हणा. कचेरीत एकमेकांना खो देतात म्हणजे काम टाळतात, आणि कुणाच्या कामात खो घातला म्हणजे मोडता घातला. मैदानावरचा खो याच्या बरोबर उलट असतो.

मग वझीर निवडायचा कसा? मी आणि माझी एक मैत्रीण लीगचे जुने सामने बघताना वहीत तीन रकाने आखून बसतो. पहिल्या रकान्यात, वझीराने दिलेल्या खोनंतर पुढच्या दोन खोंच्या आत गडी बाद झाला का. दुसऱ्यात, त्याने खो द्यायला हवा होता पण एकट्यानेच पाठलाग चालू ठेवला का. तिसऱ्यात फाऊल. हे काम वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण कॅमेरा नेहमी पळणाऱ्याच्या मागे असतो, आणि दुसऱ्या रकान्यावरून आमची भांडणं होतात. तरी एक गोष्ट दोन-चार सामन्यांतच लक्षात येते. वझीराला मिळालेली मोकळीक हाच त्याचा सापळा आहे. कुठेही पळता येतं म्हणून तो पळतच राहतो, हुलकावण्या खातो, दमतो आणि सात मिनिटांच्या पाळीतला अर्धा मिनिट एकटाच खाऊन बसतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू न सोडणारा गार्ड असतो, तसाच हा. बघायला फार मजा येते आणि टाळ्याही मिळतात. चांगला वझीर मात्र बऱ्याचदा तीन-चार पावलंच पळतो. पळणाऱ्याला तो अशा बाजूला वळवतो, जिथे पुढचा बसलेला खेळाडू त्याच दिशेला तोंड करून बसलाय, आणि मग खो देतो. म्हणजे आपली मोकळीक तो ज्याला ती नाही त्याच्या कामी आणतो.

दुसरी अडचण मातीची. जिल्ह्याच्या आणि शाळेच्या बऱ्याच स्पर्धा मातीवर होतात, लीग मॅटवर. मातीवर उत्तम सूर मारणारा मॅटवर तसाच मारेल याची खात्री नाही. स्काउटला हे कोडं नवीन नाही. अमेरिकेत कॉलेजची तीन गुणांची रेषा एनबीएच्या रेषेपेक्षा जवळ असते, त्यामुळे कॉलेजातले तीनचे आकडे फसवतात. म्हणून जाणकार फ्री थ्रोची टक्केवारी बघतात. ते अंतर दोन्हीकडे १५ फूटच, समोर अडवणारा कुणी नाही, आणि हात किती स्थिर आहे ते तिथे कळतं. खो-खोतला फ्री थ्रो कुठला? माझं उत्तर आहे, उठणं. पाठीवर हात पडल्यापासून पहिलं पाऊल पडेपर्यंतचा क्षण. त्यात पायांची ताकद असतेच, पण कुठे जायचं हे बसल्याबसल्याच ठरलेलं आहे की उठून ठरवतोय, हेही दिसतं. ते ठरवणं मातीवर आणि मॅटवर सारखंच.

संरक्षण विसरून चालणार नाही. पाळी बदलली की हाच वझीर तिघांच्या तुकडीत पळायला उतरतो. तिथे लवकर बाद होणारा वझीर म्हणजे समोरच्याला दरवेळी रस्ता देणारा पॉइंट गार्ड. पण मला वाटतं, इथे निवडणाऱ्यांची नजर तशी चांगली आहे, कारण संरक्षणाची मिनिटं आपण पहिल्यापासून मोजत आलोय.

हे सगळं हौशी लोकांचं रिकामपण नाही. खो-खोतली बरीच मुलं साध्या घरांतून येतात. त्यांच्या दृष्टीने ५ लाख आणि १ लाख यांत घराचं पत्र्याचं छप्पर बदलण्याइतका फरक आहे. नोकरीसाठी फाइलला जी कात्रणं लावतात, त्यांतही गडी आणि मिनिटंच असतात. दुसऱ्याला गडी मिळवून देणाऱ्या मुलाकडे दाखवायला कागदच नसतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. फायनलमध्ये भारताने नेपाळला ५४-३६ हरवलं, आणि कर्णधार होता पुण्याचा प्रतीक वाईकर, जो लीगमध्ये आपल्या योद्धाजकडून खेळलाय. खेळ तिथवर पोचलाय, पण त्याची हिशेबाची वही अजून शाळेतलीच आहे.

योद्धाजच्या जागी मी असते तर सगळ्यात वरच्या गटातली पहिली पाळी सूर मारणाऱ्यावर घालवली नसती. सूर मारणारे खालच्या गटांतही सापडतात, कारण ते दिसतात आणि त्यांचे व्हिडिओ असतात. पहिली पाळी मुख्य वझीरासाठी. दुसरा वझीर पॉवरप्लेपुरता लागतो, तो दीड लाखाच्या गटातून उचलायचा. मात्र त्या गटातल्या नावांचे गडी न बघता, त्यांच्या जिल्ह्याच्या सामन्यांचं मिळेल तेवढं मोबाइल चित्रीकरण मागवायचं आणि तीन रकाने आखून आठ दिवस बसायचं.